गुण वाढले, कोपर उघडेना : पक्षाघातानंतर व्हीआर गेम खेळलेल्या एका हाताचं प्रकरण

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी काकांनी व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा, हेडसेट काढला, डाव्या हाताने कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "आज किती?" पडद्यावर ११२ हा आकडा होता. पहिल्या दिवशी तो ३८ होता. शेजारी बसलेल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या, मलाही आनंद झाला. मग काका उठले, दारापाशी गेले आणि हँडल फिरवायला त्यांनी डावा हात पुढे केला. उजवा हात पोटाशी होता, कोपरात दुमडलेला, बोटं मिटलेली. तीन आठवड्यांपूर्वी ते पहिल्यांदा आत आले तेव्हाही तो तसाच होता.

दार बंद झाल्यावर मी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. हात जर आहे तिथेच असेल, तर हे ११२ गुण मिळवले कोणी?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी सराव करून घेणारी. पक्षाघात झालेल्यांच्या हातावर काम करते. व्हीआर गेम वापरायला लागल्यापासून या एका रुग्णाने मला जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कोणी नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. लिहिण्याला काकांची संमती आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

रुग्ण आणि त्यांचा हात

वय ५८. व्यवसायाने ड्राफ्ट्समन, आराखडे काढणारे. सगळं काम उजव्या हाताने. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मधल्या धमनीत गुठळी अडकून उजव्या अंगाला पक्षाघात झाला. माझ्याकडे आले तेव्हा पाच महिने होऊन गेले होते. चालणं बरंच सुधारलं होतं, काठी सुटली होती. बोलताना एखादा शब्द अडायचा, समजण्यात अडचण नव्हती. दृष्टीचा कोणताही भाग गेलेला नव्हता, उजव्या बाजूकडे दुर्लक्ष होत नव्हतं, फिट कधी आलेली नव्हती. हेडसेट लावण्याआधी या सगळ्या गोष्टी विचाराव्याच लागतात.

हाताचं चित्र असं होतं. खांदा थोडा उचलता यायचा, पण उचलताना तो कानाकडे जायचा. कोपर वाकवणाऱ्या स्नायूंचा ताठरपणा सुधारित अ‍ॅशवर्थ मापनावर (शून्य ते चार) २. मनगट थोडं वर यायचं. मूठ वळायची, उघडायला मात्र वेळ लागायचा. हालचाल किती परत आली हे मोजणाऱ्या फुगल-मायर चाचणीत हाताचे पूर्ण गुण ६६ असतात, त्यांचे ३१ आले. बॉक्स अँड ब्लॉक चाचणीत एका मिनिटात छोटे लाकडी ठोकळे एका खणातून दुसऱ्या खणात टाकायचे असतात. उजव्या हाताने ९ झाले, डाव्याने ५८. रोजच्या आयुष्यात हात किती वापरता हे विचारणारी मोटर अ‍ॅक्टिव्हिटी लॉग ही मुलाखत असते, शून्य ते पाच गुणांची. तिची सरासरी ०.८ होती. म्हणजे हातात जेवढं बळ होतं तेवढंही वापरात येत नव्हतं. संशोधक एडवर्ड टाउब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून जी सवय दाखवून दिली, हात हलू शकत असूनही तो न वापरण्याची, ती इथे स्पष्ट दिसत होती.

मी विचारलं, "काका, या हाताने सगळ्यात आधी काय करायचंय?" मला वाटलं होतं, पेन्सिल धरायचीय म्हणतील. ते काकूंकडे बघून गप्प राहिले. मग म्हणाले, "डाव्या हाताला साबण लावायचाय."

मला समजायला क्षणभर लागला. डावा हात चांगला आहे, तो सगळं अंग धुतो. पण स्वतःला तो धुऊ शकत नाही. डाव्या हाताला, डाव्या काखेला साबण लावायला उजवाच हात हवा. पाच महिने ते काकू करत होत्या, आणि काकांना तेच सगळ्यात जास्त लागत होतं. हे उद्दिष्ट मी त्यांच्याच शब्दांत फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं.

गेम का निवडला

कारण एकच होतं, आकडा. मेंदूतले नवे मार्ग पक्के व्हायला हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले त्यांत रोज शेकड्यांनी आवर्तनं करून घेतली होती. माणसांच्या थेरपीत काय होतं हे कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३१२ सत्रं प्रत्यक्ष पाहून मोजलं. हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. तो आकडा वाचल्यापासून मी स्वतःच्या सत्रांत मोजायला लागले. काकांच्या पहिल्या साध्या सत्रात, शंकू एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवण्याच्या व्यायामात, ४१ झाले, आणि पंचविसाव्यानंतर त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. हेडसेट लावून बुडबुडे फोडायच्या गेममध्ये अर्ध्या तासात दोनशेच्या आसपास आवर्तनं झाली आणि वेळ संपली तेव्हा त्यांना अजून खेळायचं होतं.

गेममुळे हात नक्की सुधारतो असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण पुरावा तसं म्हणत नाही. २०१६ मध्ये चार देशांत १४१ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत एका गटाने निन्टेंडो वी या गेमच्या यंत्रावर गेम खेळले आणि दुसऱ्याने पत्ते, बिंगो यांसारखे साधे खेळ. दोन्ही गट सुधारले, फरक पडला नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ अभ्यास आणि २४७० रुग्ण होते. नेहमीच्या थेरपीच्या जागी व्हीआर दिलं तर हाताला जास्त फायदा दिसला नाही. नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिलं, म्हणजे एकूण वेळ वाढवला, तेव्हा दिसला. २०२५ च्या नव्या आवृत्तीत अभ्यासांची संख्या १९० वर गेली आणि व्हीआरच्या बाजूने थोडासा फायदा दिसला. थोडासाच. मी याचा अर्थ असा लावते की हेडसेट म्हणजे औषध नव्हे, ते आवर्तनं करून घेण्याचं साधन आहे, आणि आवर्तनं कशाची होतात यावर पुढचं सगळं ठरतं. ही शेवटची गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. पहिले तीन आठवडे माझं तिच्याकडे लक्ष राहिलं नाही.

पहिले तीन आठवडे

आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास हेडसेट आणि अर्धा तास साधी थेरपी. चाकं नसलेली, पाठ असलेली खुर्ची. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं, मग मळमळ, डोकेदुखी, चक्कर यांची विचारपूस. आजूबाजूचं दृश्य स्थिर ठेवणारे गेम त्यांना सोसले. ज्यात आपण गाडीत बसून पुढे चाललो आहोत असं वाटतं, त्या गेममध्ये दोन मिनिटांत मळमळून तोंडाला पाणी सुटलं, कारण डोळे सांगतात शरीर चाललंय आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते बसलंय. तो गेम कायमचा बाजूला ठेवला.

हाताचं काय करायचं हा प्रश्न होता. हेडसेटचे कॅमेरे उघड्या हाताचा माग घेऊ शकतात, पण काकांची बोटं मिटली की पडद्यावरचा हात मध्येच गायब व्हायचा आणि ते वैतागायचे. म्हणून कंट्रोलर, म्हणजे गेमला हाताची जागा कळवणारं मुठीत धरायचं उपकरण, पट्ट्याने हाताला बांधला. बटण दाबायची गरज नसलेला गेम निवडला : समोर रंगीत बुडबुडे येतात, हात तिथे पोचला की फुटतात, गुण मिळतो. जमायला लागलं की गेम आपोआप वेग वाढवतो आणि बुडबुडे लांब टाकतो.

गुण रोज वाढत होते. काका सकाळी आल्या आल्या कालचा आकडा सांगायचे. काकू म्हणाल्या, "पाच महिन्यांत पहिल्यांदा कुठे जायचं म्हणून लवकर उठतात." ही गोष्ट मी आजही लहान मानत नाही. पक्षाघातानंतर येणारं खचलेपण हाताला जितकं मागे ओढतं तितकं ताठरपणाही ओढत नाही, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा मोजलं. फुगल-मायर ३३. ठोकळे १०. रोजचा वापर ०.९. पंधरा सत्रं, सुमारे तीन हजार आवर्तनं, आणि हात जवळपास जागच्या जागी.

व्हिडिओ

प्रत्येक आठवड्याला एक सत्र मी बाजूने चित्रित करते. त्या शनिवारी ते बघायला बसले. आवाज बंद केला आणि गेमचा पडदा दिसू नये म्हणून चित्राचा तो कोपरा कागदाने झाकला. मग फक्त माणूस दिसायला लागला.

एक बुडबुडा घेऊन चौकट चौकट पुढे सरकवली. पहिल्यांदा हलतं ते डोकं, हेडसेटसकट पुढे येतं. मग पाठ खुर्चीपासून सुटते. मग उजवा खांदा कानाकडे चढतो. मग सगळं धड कमरेतून पुढे आणि किंचित डावीकडे वळतं. हात या सगळ्याबरोबर पुढे वाहून नेला जातो, टोपलीतल्या वस्तूसारखा. कोपर सुरुवातीला जवळजवळ काटकोनात, बुडबुडा फुटतो तेव्हाही काटकोनात. मग पाठ मागे येते, हातही मागे येतो. पुढचा बुडबुडा, पुन्हा तेच. मी सलग वीस पाहिले. कोपर उघडलेलं एकात दिसलं, तेही बुडबुडा खाली, मांडीच्या उंचीला होता म्हणून.

सोमवारी टेप लावून मोजलं. समोरची वस्तू गाठताना छातीचं हाड खुर्चीच्या पाठीपासून किती पुढे येतं हे मी पहिल्या दिवशी लिहून ठेवलं होतं, १६ सेंटिमीटर. आता १८. तीन आठवड्यांत काका एका गोष्टीत नक्की तरबेज झाले होते : पुढे झुकण्यात. ११२ गुण पाठीचे होते.

गेमचा यात दोष काढता येत नाही. कंट्रोलर अवकाशात कुठे आहे एवढंच त्याला कळतं. तो तिथपर्यंत कोपराने पोचला की कमरेने, हे त्याला दिसत नाही. चूक माझी होती, आणि ती पहिल्याच दिवसाची होती. कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे हात कुठवर पोचतो हे गेम सुरुवातीला मोजून घेतो तेव्हा, गेम सांगतो, "हात जमेल तितका लांब न्या." काकांनी नेला, पुढे झुकून. मी अडवलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. गेमने तो झुकलेला आवाका हाच हाताचा आवाका समजला, आणि पुढचे तीन आठवडे प्रत्येक बुडबुडा अशा जागी टाकला जिथे झुकल्याशिवाय पोचताच येत नाही. वर वेग आपोआप वाढत गेला. घाई झाली की शरीर नेहमी सोपी वाट धरतं.

कोपर का मिटतं

हा भाग मी थोडा विस्ताराने लिहिते, कारण घरी सराव करून घेणाऱ्यांना याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

पक्षाघातानंतर हाताचे स्नायू सुटे सुटे हुकूम पाळत नाहीत, जुडग्याने पाळतात. ट्विचेल यांनी १९५१ मध्ये आणि पुढे सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी हे नीट मांडलं. खांदा वर उचलायला गेलं की त्याबरोबर कोपर वाकतं, मनगट आणि बोटं मिटतात. याला सिनर्जी म्हणतात. ज्युलियस ड्यूवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हाताचं वजन खांद्याला जितकं पेलावं लागतं तितका पुढे पोचण्याचा आवाका आक्रसतो. तोच हात खाली आधार देऊन टेकवला की कोपर जास्त उघडतं. हात तोच, बळ तेवढंच, फरक फक्त वजन कोण पेलतंय याचा.

आता गेम आठवा. बुडबुडे कुठे येत होते? चेहऱ्यासमोर, कारण तिथे ते चांगले दिसतात. म्हणजे प्रत्येक बुडबुडा खांद्याला सांगत होता, हात उचल. आणि खांदा उचलला की कोपर मिटत होतं. काकांनी झुकायचं ठरवलं नव्हतं. त्या उंचीवर पुढे जायला त्यांच्याकडे दुसरा मार्गच उरला नव्हता.

झुकणं वाईटच असतं असं मात्र मला म्हणायचं नाही. ज्याच्या बोटांत काहीच हालचाल नाही आणि वर्ष उलटून गेलंय, त्याला आड वाटेने का होईना, कप गाठायला शिकवणं हेच शहाणपणाचं. काकांचं तसं नव्हतं. आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत बोटं थोडी उघडत होती आणि खांदा थोडा बाजूला जात होता अशी नोंद त्यांच्या कागदांत सापडली. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात या दोन्ही हालचाली पहिल्या ७२ तासांत असलेल्यांना सहा महिन्यांनी हातात काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती; दोन्ही नसलेल्यांना २५ टक्के. या हातात वाव होता. आणि मी त्याला कमरेचा आधार शिकवत बसले होते.

टॉवेल

मंगळवारी काका आणि काकूंना बसवून व्हिडिओ दाखवला. कागदाने पडदा झाकूनच. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी फसवत होतो?"

"नाही, काका. गेमने जे मागितलं ते तुम्ही दिलंत. आपण त्याला चुकीचं मागायला लावलं होतं."

बदल केले ते असे. टेबल कोपराच्या जरा खाली येईल अशा उंचीला लावलं, त्यावर गुळगुळीत कापड, आणि हात त्या कापडावरूनच सरकवायचा. वजन टेबल पेलेल. बुडबुडे टेबलाच्या पातळीवर आणले. आपोआप वाढणारा वेग बंद केला. बुडबुडा नुसता शिवून चालणार नाही, हात तिथे दोन सेकंद थांबला तरच तो फुटेल अशी सेटिंग केली. आणि एक टॉवेल चौपदरी घडी घालून काकांची पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यामध्ये ठेवला. पाठ सुटली की टॉवेल घसरून खाली पडतो. टॉवेल पडला तर तो बुडबुडा मोजायचा नाही. धड पट्ट्याने बांधून सराव केला तर कोपर जास्त उघडायला शिकतं हे मिशेलसेन आणि लेविन यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं. मला पट्टा नको होता. बांधलेल्या माणसाला आपण झुकतोय हे कळत नाही, टॉवेल पडला की लगेच कळतं.

पाठ टॉवेलला टेकवून कॅलिब्रेशन पुन्हा केलं. आवाका निम्म्याहून कमी निघाला. त्या दिवशीचे गुण : २७.

काकांनी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण हेडसेटला हात लावला नाही. मी आग्रह धरला नाही. हेडसेटशिवाय नुसतं कापडावरून हात सरकवण्याचा सराव केला, टॉवेल मागे ठेवूनच. तीन आठवडे ज्या आकड्याने त्यांना सकाळी उठवलं होतं तो आकडा मी काढून घेतला होता, आणि त्याच्या जागी काही दिलं नव्हतं. यंत्राच्या सेटिंगचा विचार करताना माणसाचा विचार राहून गेला.

वाट काकांनीच काढली. तिसऱ्या दिवशी ते घरून आलेखाचा कागद घेऊन आले, डाव्या हाताने रेघा मारलेला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर "टॉवेल न पडता". गेमचा आकडा त्यांनी बघायचाच सोडला. पडद्यावरचे गुण मी सेटिंगमधून बंद केले. त्या दिवशी कागदावर १९ चा ठिपका पडला.

चौथा ते आठवा आठवडा

आठवड्याभरात ठिपका ६० वर गेला. मग दर तीन-चार दिवसांनी बुडबुडे दोन सेंटिमीटर वर घ्यायला सुरुवात केली, टेबलाचा आधार हळूहळू कमी करत. प्रत्येक वेळी कसोटी एकच : या उंचीवर कोपर अजून उघडतंय का? मिटायला लागलं की पुन्हा खाली. पंधरा मिनिटांनंतर, दमल्यावर, जी उंची सुरुवातीला जमत होती तिथेही कोपर मिटायचं, म्हणून अर्ध्या तासाचे दोन भाग केले.

पाचव्या आठवड्यात मी जरा घाई केली. चार सेंटिमीटर एकदम वर घेतले आणि दुसऱ्या दिवशी काकांचा खांदा दुखायला लागला. पक्षाघातानंतरचा खांदा नाजूक असतो, सांधा थोडा खाली उतरलेला असतो. दोन दिवस विश्रांती, मग पुन्हा खालून सुरुवात. त्यानंतर प्रत्येक सत्राआधी खांद्याचं दुखणं दहापैकी किती हे विचारून लिहून ठेवायला लागले.

सगळ्यात महत्त्वाचा बदल शेवटच्या दहा मिनिटांत होता. हेडसेट काढल्या काढल्या, त्याच टेबलावर, त्याच जागी, खरी वस्तू. पहिल्या दिवशी साबणाची वडी ठेवली. हात सरळ गेला, कोपर छान उघडलं, आणि मनगट वडीवर आदळून वडी टेबलाखाली गेली. बुडबुडा शिवला की फुटतो, साबण तसा फुटत नाही. वस्तूकडे जाताना बोटं वाटेतच तिच्या आकाराची होतात. वजन, निसरडेपण, खरखर याचा अंदाज हात आधीच बांधतो. बुडबुड्याला यातलं काहीच नव्हतं. शिवाय कंट्रोलर बांधलेला असल्याने बोटं अर्धा तास मिटलेलीच राहत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ज्यांना मूठ उघडणं अवघड, त्यांच्या मुठीत आपणच वस्तू बांधून ठेवतो. म्हणून बोटांचं काम हेडसेटला सोपवणं बंद केलं. ते ठोकळे, वडी, हँडल, दुमडलेला टॉवेल उलगडणं, अशा खऱ्या वस्तूंवर घेतलं.

घरी दोन कामं उजव्या हाताच्या नावावर लिहून दिली : खोलीचं दार उघडणं आणि आंघोळीत डाव्या मनगटाला साबण लावणं. काकूंना सांगितलं, दहा मिनिटं मध्ये पडायचं नाही. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं बघत बसणं मला जड जाईल." जड गेलंच. एकदा त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा जमलं.

मोजमाप आणि त्याचा अर्थ

आठव्या आठवड्याच्या शेवटी फुगल-मायर ४१. ठोकळे १६. छातीचं पुढे झुकणं ५ सेंटिमीटर. रोजचा वापर २.१. त्यानंतर तीन महिन्यांनी, मध्ये फक्त घरचा सराव असताना : ४०, १६, ६ सेंटिमीटर आणि २.३. जुन्या पक्षाघातात फुगल-मायरमध्ये साधारण पाच गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्यासारखा मानतात, तेव्हा दहाचा फरक खरा म्हणायला हरकत नाही.

तो हेडसेटमुळे पडला का? असं म्हणता येणार नाही. रुग्ण एकच आहे. पाच-सहा महिन्यांच्या सुमाराला थोडी नैसर्गिक सुधारणा अजून चालू असू शकते. टॉवेल, टेबल, खऱ्या वस्तू आणि घरचं काम मी एकाच आठवड्यात सुरू केलं, त्यामुळे कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. ठामपणे एवढंच सांगू शकते : तोच हेडसेट, तोच गेम, रोजचा तेवढाच वेळ, आणि पहिल्या तीन आठवड्यांत दोन गुण, पुढच्या पाचात आठ. पुढच्या पाच आठवड्यांत आवर्तनं कमी झाली होती, दिवसाला दोनशेऐवजी एकशेवीस-तीस.

आवर्तनांच्या आकड्याने मी ज्याची सुरुवात केली, त्याच आकड्याने मला तीन आठवडे चुकवलं, असं आता वाटतं. लँग यांचे ३२ मला पाठ होते. त्या ३२ मध्ये कोपर किती उघडलं हे मी कधी विचारलं नव्हतं. आता आमच्याकडे कोणालाही हेडसेट लावला की दोन गोष्टी होतात : कॅलिब्रेशनच्या वेळी थेरपिस्टचा हात रुग्णाच्या पाठीवर असतो, आणि पहिल्या आठवड्याचा व्हिडिओ पडदा झाकून पाहिला जातो. घरी हेडसेट वापरणाऱ्यांना मी तेच सांगते. मुलाने किंवा सुनेने गेमकडे बघू नये, बाजूला बसून माणसाकडे बघावं. पाठ सुटतेय का, खांदा कानाकडे जातोय का, कोपर उघडतंय का, एवढं दिसलं तरी पुरे.

जे जमलं नाही तेही नोंदवते. पेन्सिल अजून उजव्या हातात टिकत नाही. अंगठा आणि तर्जनीची पकड सैल आहे, मूठ सोडायला वेळ लागतो. आलेखाचे ठिपके काका डाव्या हातानेच मारतात. बोटांसाठी काय करायचं, ताठरपणासाठी बोटुलिनम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनचा विचार करायचा का, हे त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टबरोबर बोलणं चालू आहे.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीला काका आले तेव्हा दार उजव्या हाताने उघडलं. हळू, आणि हँडल सुटून एकदा परत धरावं लागलं. बसल्यावर मी फाइलचं पहिलं पान काढलं. काकांनी डावा हात टेबलावर लांब केला आणि उजव्याने दाखवलं : मनगटापासून इथवर, कोपराच्या वर चार बोटं, साबण ते स्वतः लावतात. त्यापुढे काखेपर्यंत गेलं की उजवं कोपर परत मिटतं, तिथून काकू लावतात. पुढच्या सहा आठवड्यांचं उद्दिष्ट ती चार बोटांपासून काखेपर्यंतची जागा आहे. बुडबुडे छातीच्या उंचीला, दोन सेंटिमीटरच्या टप्प्याने, टॉवेल पाठीमागे.